दक्षिणेकडचं तोंड

भुयारी मार्ग लोकांसाठी खुला झाला त्या सकाळी मी आणि आत्या सगळ्या गावाच्या पुढे होतो. आत्याची तीनचाकी हातानं फिरवायची. उतार लागला तशी ती अशी झरझर खाली गेली, की मला मागून पळावं लागलं. आत गारवा होता. ओल्या सिमेंटचा वास, भिंतींना पांढऱ्या फरशा, डोक्यावर ट्यूबलाइट. आवाज कसा घुमतो ते बघायला आत्यानं एक हाळी दिली. हाळी पुढे गेली आणि परत आली. आत्या लहान पोरीसारखी हसली.

मग बोगदा डावीकडे वळला आणि समोर पायऱ्या आल्या.

नुसत्या पायऱ्या. बाजूला उतार नाही, लिफ्ट नाही, काही नाही. स्टीलचा कठडा तेवढा चकचकीत. आत्याची तीनचाकी पहिल्या पायरीला टेकून थांबली. आत्यानं वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी आजूबाजूला बघत होते. उतार कुठेतरी असणार, मला दिसत नसेल, असंच मला वाटत होतं. एका बाजूनं गाडी खाली घेतो आणि दुसऱ्या बाजूनं वर जाऊ देत नाही असा रस्ता कुणी बांधेल, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. मागून येणारे लोक आम्हाला वळसा घालून पायऱ्या चढू लागले. एकजण जाता जाता म्हणाला, "बाजूला घ्या ना गाडी."

"वर कोण नेतंय आता मला?" आत्या म्हणाली. "तू, का तुझं पत्रक?"

हा पत्रकाचा टोमणा मला रोजचा. मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. बंद पडलेल्या बसवर, मुलींच्या होस्टेलच्या पाण्यावर, रेशनच्या तांदळावर. जालन्याला छापून आणते, बाजारात उभी राहून वाटते. घरच्यांना ते पोरखेळ वाटतं. आत्याला नाही, पण टोमणा मारायची संधी ती सोडत नाही.

आमचं स्टेशन कसं आहे ते सांगते, म्हणजे त्या पायऱ्यांपाशी मला काय झालं ते तुम्हाला कळेल. स्टेशन लहान, पण शेवटचं. सकाळची पॅसेंजर इथूनच सुटते आणि संध्याकाळी परत येऊन इथेच मुक्कामाला राहते. त्यामुळे कुंभार पिंपळगावच्या बाजूची माणसं काळीपिवळी भरून इथे येतात, गाठोडी, पिशव्या, लेकरं घेऊन. रूळ पूर्व-पश्चिम. गाव रुळांच्या उत्तरेला. स्टेशनची इमारत, तिकीटघर, रिक्षा, चहाच्या टपऱ्या, सगळं दक्षिणेला. इतकी वर्षं मधे फाटक होतं. फाटक उघडलं की माणसं, म्हशी, मोटारसायकली आणि आत्या, सगळे एकदम पलीकडे.

पलीकडे स्टेशनच्या आवारात, लिंबाखाली आत्याचं पत्र्याचं शेड. त्यात शिलाई मशीन. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले, म्हणून मशीनला मोटर बसवून घेतली आणि मोटरचं बटण असं लावून घेतलं की ते कोपरानं दाबता येतं. गाडीतून उतरलेल्या माणसाच्या बॅगेची चेन तुटलेली असते, पिशवीचा बंद निसटलेला असतो, नवरीकडे निघालेल्या पाहुण्याच्या पँटची शिवण उसवलेली असते. ते आत्याकडे येतात. शाळा सुरू व्हायच्या आधी आमच्या गल्लीतल्या कापडदुकानाचे शेठ गणवेशांचं कापड तिच्याकडे पाठवतात. तिथे बसून आत्याला सगळ्या पट्ट्यातल्या बातम्या कळतात. अंबडच्या कोर्टात कुणाची तारीख आहे, कुणाची सून रुसून माहेरी चाललीय, कुणाला नोकरी लागली. घरी येऊन ती सांगते आणि आम्ही जेवता जेवता ऐकतो.

सोमवारपासून फाटक कायमचं बंद होणार होतं. दुसरा रस्ता म्हणजे लांबचा उड्डाणपूल. त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि सळयांचे ट्रक. हातानं तीनचाकी ओढत त्या पुलाच्या चढावर जायचं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

म्हणजे फाटक बंद झालं की आत्या मशीनपाशी पोचू शकत नव्हती. एवढंच. यात काहीही गुंतागुंत नव्हती.

आणि हे आधी ठरलेलं नव्हतं, याचाच मला धक्का होता. काम सुरू झालं तेव्हा फाटकापाशी मोठा फ्लेक्स लागला होता. नव्या स्टेशनचं रंगीत चित्र. त्या चित्रातल्या माणसांचा मला पहिल्या दिवसापासून राग येत होता. सगळी गोरी, सगळ्यांच्या हातात चाकांच्या बॅगा. डोक्यावर गाठोडं एकाच्याही नाही. पण चित्रात रॅम्प होता. दोन्ही बाजूंना. गावाकडून सरळ उतार, बोगदा सरळ, आणि पलीकडे सरळ चढ. कोपऱ्यात एक चाकाच्या खुर्चीतला माणूससुद्धा काढलेला होता. आत्या रोज फाटक उघडायची वाट बघत त्या चित्रासमोर थांबायची आणि म्हणायची, "ह्यो बघ, माझा नवरा."

मधे मी पुण्याला शिबिराला गेले होते. तिथे मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनात उतरले आणि आ वासून बघत राहिले. मला वैभवाचं काही नाही. जमिनीखाली एवढा खोल खड्डा, पण पाय नसलेला, डोळे नसलेला माणूस कुणालाही काही न विचारता वर जाऊ शकतो अशी ती मांडणी. लिफ्ट कुठे, उतार कुठे, पाटी कुठे, सगळं सरळ रेषेत. खाली पिवळ्या ठिपक्यांच्या फरशा, आंधळ्या माणसाला काठीनं वाट कळावी म्हणून. एक बाई पांढरी काठी टेकत माझ्या पुढून गेली आणि लिफ्टच्या दारात बरोबर थांबली. मी तिच्या मागेमागे गेले, कारण मलाच वाट माहीत नव्हती.

आमच्या बोगद्यातही त्या पिवळ्या फरशा आहेत. त्या सकाळी आत्या पायऱ्यांपाशी थांबलेली असताना मी त्या पट्टीकडे बघितलं. पट्टी पायऱ्यांकडे वळतच नव्हती. ती सरळ जात होती. जिथे बोगदा डावीकडे वळतो तिथेही ती सरळ समोर जाऊन निळ्या पत्र्यांखाली घुसली होती. समोर, दक्षिणेला, भिंतीऐवजी नुसते पत्रे ठोकलेले. आंधळा माणूस त्या पट्टीवरून चालला तर पत्र्यावर कपाळ आपटेल. पत्र्यांच्या फटीतून ऊन येत होतं. मी फटीला डोळा लावला. पलीकडे मुरमाचा चढ होता, ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबलेला. बोगदा खोदताना माती याच वाटेनं बाहेर काढलेली. तो आता बुजवायचा होता.

म्हणजे चढाला जागा होती. चढ होता. त्याच्यासमोर पत्रे ठोकून आत्याला पायऱ्या दाखवल्या होत्या.

त्याच दिवशी मी पत्रक लिहिलं. 'रॅम्प कुणी खाल्ला?' असा मथळा. 'चित्रात रॅम्प, जमिनीवर पायऱ्या. मधल्या मधे रॅम्प कुणाच्या घशात गेला? ठेकेदारानं उत्तर द्यावं. साहेबांनी उत्तर द्यावं. जनतेच्या पैशातून बांधलेला रस्ता फक्त पाय असणाऱ्या जनतेसाठी आहे काय?' छापून आणलं आणि आठवडी बाजारात उभी राहिले.

लोकांनी पत्रक घेतलं. वाचलं. आणि माझ्याकडे न बघता पुढे गेले. मला वाटलं, ठेकेदाराला घाबरतात. चहावाला वाचून गालात हसला आणि पत्रकावर भजी ठेवून मलाच दिली. शेठनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून गल्ल्यात ठेवलं आणि म्हणाले, अक्षरं छान आलीत. घरी बाबांनी तर हात पण लावला नाही. मी तो सगळा भेकडपणा समजले आणि आणखी चिडले.

शनिवारी रेल्वेचे इंजिनिअर साहेब कामावर येणार असं कळलं. मी गावातली माणसं गोळा केली. पुष्कळजण आले, याचंही मला तेव्हा नवल वाटलं नाही. बाबा आले, शेठ आले. आत्या तीनचाकी घेऊन खाली, पत्र्यांसमोर येऊन बसली. साहेब तरुणच होता. उन्हानं काळवंडलेला, डोक्यावर पिवळं हेल्मेट. मी पत्रक त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं कुणी वेड्याकडे बघतं.

"मॅडम," तो म्हणाला, "रॅम्प होता. तुमच्या गावानं काढायला लावला."

मी म्हणाले, खोटं बोलू नका.

त्यानं एक काडी उचलली आणि धुळीत रेघा मारल्या. हा बोगदा, उत्तर-दक्षिण. हे गावाकडचं तोंड, उत्तरेला. हे स्टेशनकडचं तोंड, दक्षिणेला. दक्षिणेला मोकळी जागा आहे, म्हणून चढ लांब आणि सरळ. मग गावाची माणसं आली आणि म्हणाली, दक्षिणेचं तोंड चालणार नाही, पूर्वेला फिरवा. पूर्वेला लगेच तिकीटघराची भिंत. तेवढ्या जागेत उतार बसत नाही, पायऱ्याच बसतात.

"मी बोललो होतो, अडचण येईल," साहेब म्हणाला. "सगळे म्हणाले, काही अडचण नाही, फिरवा."

काय अडचण येईल ते तुम्ही सांगितलं होतं का, असं मी विचारलं. या बाईंची गाडी वर जाणार नाही, असं स्पष्ट शब्दात सांगितलं होतं का? त्यानं हातातली काडी टाकून दिली. नव्हतं सांगितलं. म्हणून त्या पत्रकातलं साहेबाबद्दलचं एकही वाक्य मी मागे घेतलेलं नाही.

पण त्या क्षणी मी साहेबाला सोडलं आणि गावाकडे वळले. दक्षिणेला तोंड चालत नाही. दक्षिणेकडे पाय करून झोपू नको, दक्षिणेकडे तोंड करून जेवू नको, हे मीही लहानपणापासून ऐकत आले. दक्षिण यमाची. दाराचं तोंड दक्षिणेला असलं तर लोक घर विकत घेत नाहीत, हेही माहीत होतं. पण रेल्वे स्टेशनचा बोगदा! सिमेंटचा, सरकारी, ट्यूबलाइट लावलेला बोगदा! मी विचारलं, कुणी सांगितलं तोंड फिरवायला? एक नाव सांगा.

शेठ टोपी नीट करायला लागले. बाबा वर, रुळांकडे बघायला लागले. आता मला कळलं की पत्रक घेताना लोक माझ्याकडे का बघत नव्हते. ते घाबरलेले नव्हते. त्यांना माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं, आणि मी बाजारात उभी राहून त्यांनाच विचारत होते.

"मी म्हणले," आत्या म्हणाली.

मला आधी वाटलं ती कुणाला तरी वाचवतेय. पण ती सांगायला लागली आणि कुणी तिला अडवेना. मी पुण्याला होते तेव्हा मारुतीच्या पारावर बैठक झाली. साहेबांनी नकाशा दाखवला. शेठ म्हणाले, बाकी सगळं ठीक, पण दक्षिणेला तोंड चांगलं नाही. बाबा म्हणाले, खरं आहे, लेकीबाळी रोज त्यातून जाणार. मग कुणीतरी म्हणालं, आत्याचंच रोजचं येणं-जाणं सगळ्यात जास्त, तिला विचारा. आणि आत्या म्हणाली होती, "रोज सकाळी यमाकडं तोंड करून निघायचं का मी? आधीच अर्धी त्याच्या ताब्यात हाय."

सगळा पार हसला होता. हसण्यातच ते ठरून गेलं.

साहेब गेला. जाताना म्हणाला, आठ-दहा दिवसांत पत्र्यांमागे भिंत घालायचीय, चढ बुजवायचाय. लोक पायऱ्या चढून गेले. खाली आत्या आणि मी. मी तिच्यावर ओरडले. तू, तू असं कसं म्हणालीस? तुझ्यासाठी होता तो चढ. ती शांतपणे ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तोंड फिरवलं की चढ जातो, हे मला कुणी सांगितलं का? मला वाटलं नुसतं तोंडच फिरतं. घराचं दार फिरवलं तर घर थोडंच जातं?"

नकाशा तिलाही दाखवला होता, पण नकाशात ती कुठे होती? फ्लेक्सवर ती रोज बघायची तो खुर्चीतला माणूस नकाशात नसतो. नकाशात नुसत्या रेघा असतात. साहेबाला रेघा दिसल्या, गावाला दिशा दिसल्या. तीनचाकी कुणालाच दिसली नाही, आत्यालासुद्धा नाही. हे मला आजही पचत नाही.

सोमवारी फाटक बंद झालं. वाट अडवायला दोन्ही बाजूंना जुने रूळ आडवे गाडून टाकले. त्या सकाळी बाबा आणि शेजारचे तिघेजण आत्याला तीनचाकीसकट उचलून पायऱ्या चढवायला आले. चांगल्या मनानं आले होते. पायऱ्यांच्या मधोमध एकाचा हात घसरला, गाडी वाकडी झाली, मांडीवरचं गणवेशांचं गाठोडं सुटलं आणि पांढरे शर्ट पायऱ्यांवरून खाली घरंगळत गेले. मागून येणारी माणसं त्यावरून पाय वाचवत चढली. वर पोचल्यावर आत्यानं फक्त एवढं विचारलं, संध्याकाळी उतरवायला कोण आहे? दुसऱ्या दिवशी ती घरातून निघालीच नाही.

मग मला त्या पायऱ्यांपेक्षा मोठा धक्का बसला. सगळ्यांना एक तोड सापडली आणि ती सगळ्यांना आवडली. शेठ घरी आले, आत्याला ताई ताई म्हणत बसले, आणि म्हणाले, मशीन घरीच आणून देतो. माझं माणूस कापड आणून देईल, शिवलेलं घेऊन जाईल. खर्चा माझा. बाबा म्हणाले, बराबर आहे. आई म्हणाली, उन्हातान्हात जायची कटकट गेली. सगळे इतक्या प्रेमानं बोलत होते की ओरडायचं कुणावर ते मला कळेना. एक माणूस घरात बंद होत होता आणि सगळे त्याला सोय म्हणत होते.

"घरी चेन तुटलेली बॅग घेऊन कोण येनार?" आत्या म्हणाली.

शेठ म्हणाले, गणवेश आहेत की.

"शेठ, कापड तुमचं, माप शाळेचं, लेकरू दुसऱ्याचं," आत्या म्हणाली. "मंग मी कशाला हाय? घरात मी दादाची बहीन हाय. तिकडं गाडीतून उतरलेलं मानूस मला विचारतं, बाई, होईल का? त्याला मी सांगते, बस, हुईल."

शेठ चहा पिऊन गेले. मशीन आणू का नको, ते तसंच लटकत राहिलं. मी पुढचं पत्रक लिहायला घेतलं. 'रस्ता हा हक्क आहे, उपकार नाही' वगैरे. अंधश्रद्धेवर एक परिच्छेद. आत्यानं वाचलं. म्हणाली, चांगलं हाय, पण हे वाचून गाव म्हणेल, पोरगी आम्हाला अडाणी म्हणून राह्यली. आणि मग उरलेली जुनी पत्रकं तिनं मागून घेतली, चार-चार चिकटवली आणि त्यावर शर्टच्या बाहीचा खाका काढून कापायला बसली. 'रॅम्प कुणी' एका बाहीवर, 'खाल्ला' दुसऱ्या.

पुढच्या शनिवारी ती मारुतीला गेली. दर शनिवारी जाते, तेल आणि रुईच्या पानांची माळ घेऊन. मी देवळात जात नाही, पण तीनचाकी ओट्यापर्यंत ढकलावी लागते म्हणून बरोबर होते. पारावर नेहमीची माणसं होती, बाबा, शेठ, आणखी चार-दोन. आत्यानं माळ आत पाठवली, हात जोडले आणि बराच वेळ तशीच देवाकडे बघत राहिली. मग वळून विचारलं,

"शेठ, आपल्या मारुतीचं तोंड कुठं हाय?"

"कुठं म्हणजे?" शेठ म्हणाले. "दक्षिणेला. दक्षिणमुखीच आहे आपला."

"मंग तो यमाला भेऊन पूर्वेला का न्हाई वळला?"

पारावरच्या सगळ्यांनी मान वळवून देवाकडे बघितलं. मीही. लहानपणापासून मी त्या देवळासमोरून शाळेत गेले. गावातलं प्रत्येक माणूस शनिवारी तिथे वाकतं. दक्षिणमुखी मारुती कडक असतो, भूतपिशाच त्याच्या वाटेला जात नाही, हे इथल्या लेकराला पण पाठ. आणि त्याच पारावर बसून, त्याच मारुतीच्या पुढ्यात, दक्षिणेला तोंड नको असं सगळ्यांनी ठरवलं होतं. माझ्या सगळ्या पत्रकांत मारुतीचा एक शब्द नव्हता. कसा असेल?

बाबा चाचरत म्हणाले, "ते देवाचं वेगळं असतं."

"देवाचं वेगळं हाय म्हनूनच म्हन्ते, दादा. तो तिकडं तोंड करून बसलाय ते कशाला? तिकडून कुणी आपल्या अंगावर येऊ न्हाई म्हनून. मला त्याच्या पुढून जाऊ द्या. तो बघंल काय बघायचं ते."

शेठनी डोळे मिटले, थोडा वेळ मान हलवत राहिले आणि म्हणाले, "बराबर आहे ताई. बिलकुल बराबर आहे." मग एकदम सगळे बोलायला लागले. एकजण म्हणाला, मग बोगद्याच्या दक्षिण तोंडावर मारुती बसवू, म्हणजे प्रश्नच मिटला. शेठ म्हणाले, फरशी माझ्याकडून. मी न राहवून म्हणाले, ती सार्वजनिक जागा आहे, तिथे देव लावता येत नाही, आणि रॅम्प हा हक्क आहे, त्याला मारुती कशाला? बाबा म्हणाले, तू एक पत्रक काढ. पार पुन्हा हसला.

मला त्या हसण्याचा राग आला, आणि अजून आहे. माझी आत्या माणूस आहे म्हणून तिला वाट द्या, हे सांगून कुणी ऐकलं नाही. देव त्या दिशेला बघतो हे सांगितल्याबरोबर ऐकलं. हे मान्य करायला मी तयार नाही. पण भिंत घालायला दोन दिवस उरले होते, म्हणून तोंड मिटून मीही त्यांच्याबरोबर साहेबाकडे गेले.

साहेबानं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. म्हणाला, आधी फिरवा म्हणालात, आता उलटं फिरवा म्हणता. मग म्हणाला, होईल, पायऱ्या राहतील आणि चढही राहील. फक्त तो ट्रॅक्टरसाठी केलेला चढ आहे, नकाशातल्यापेक्षा उभा. आज, मी हे सांगतेय तेव्हा, त्या चढावर सिमेंट आहे, कठडा आहे. मोटारसायकलवाले त्यातूनच सुसाट जातात, त्याबद्दल माझं पुढचं पत्रक तयार आहे. वर शेठची फरशी आहे, मारुतीच्या चित्राची, दक्षिणेकडे बघणारी. पिवळी पट्टी पत्र्यांखालून निघून आता उघड्यावर येते आणि वरपर्यंत जाते. ती पहिल्यापासून बरोबर होती.

पण सिमेंट नंतर झालं. साहेब हो म्हणाला त्याच्या दुसऱ्या सकाळीच बाबा पहार घेऊन खाली गेले आणि एकटेच पत्रे उपटायला लागले. कुणाला बोलावलं नाही. शेवटचा पत्रा आडवा पडला तसं ऊन एकदम बोगद्यात आलं आणि आत्यानं डोळ्यांवर हात धरला. समोर मुरूम, वर आभाळ, आणि मधे लिंबाचा शेंडा दिसत होता.

ती निघाली. मुरमात चाकं रुतत होती. अर्ध्यावर गाडी इंचभर मागे सरकली. मी पुढे होऊन पाठीमागचा दांडा धरला.

"हात काढ," ती म्हणाली.

मी काढला. ती तिथेच थांबली, दम खाल्ला, पदरानं तळवे पुसले आणि पुन्हा दोन्ही हातांनी फिरवायला लागली. मी आणि बाबा दोघं खाली उभे. आम्हाला तिची पाठ दिसत होती, तिच्या दंडांवर ताठलेल्या शिरा दिसत होत्या. मी आयुष्यात इतकी हतबल कधी उभी राहिले नाही. मग पुढचं चाक सपाटीला लागलं आणि ती दिसेनाशी झाली.

मी धावत वर गेले तोवर ती लिंबाखाली पोचली होती. मशीनवरची ताडपत्री तिनं ओढली, कोपरानं बटण दाबून बघितलं. मोटर आधी घरघरली, मग चालली. पॅसेंजर लागलेली होती. एक म्हातारे गृहस्थ काखेत बॅग धरून शेडपाशीच उभे होते, तिचं तोंड दोरीनं बांधलेलं.

"कुठं गेल्त्या बाई इतके दिवस?" त्यांनी विचारलं.

"यमाकडं गेल्ते," आत्या म्हणाली. "द्या इकडं ती बॅग."